अक्षम्य काळा रंग : जॅक जॉन्सनवरील माहितीपटाचा एक अभ्यास

केन बर्न्स या अमेरिकी दिग्दर्शकाचा 'अनफरगिव्हेबल ब्लॅकनेस' हा माहितीपट जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दोन भागांत दाखवला गेला. त्याचा नायक जॅक जॉन्सन (१८७८-१९४६). टेक्सास राज्यातील गॅल्व्हस्टन या बंदरात, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी तो जन्मला आणि १९०८ मध्ये हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. माहितीपटाचे नाव डॉ. डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांच्या १९१४ मधील एका लेखातून आले आहे. जॉन्सनवर गोऱ्या अमेरिकेचा एवढा राग का, याचा शोध घेताना ड्यु बॉइस या निष्कर्षाप्रत आले होते की त्याचा खरा अपराध एकच, ज्याला क्षमा नाही असा काळा रंग. हेच ते ड्यु बॉइस, ज्यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला.

प्रस्तुत लेख म्हणजे वरच्या इयत्तांसाठी तयार केलेल्या एका पाठाचे विस्तारलेले रूप होय. बौद्ध संस्थेच्या निवासी विद्यालयात ठोसेबाजीचा चित्रपट कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. मुष्टियुद्धाचा गौरव करणे हा आमचा हेतू नाही. दृश्य, आवाज आणि शब्द यांच्या साहाय्याने माणसाचे मत कसे घडवले जाते, हे शिकवण्यासाठी आम्हांला एक उदाहरण हवे होते. असा पाठ शिकवताना शिक्षक सहसा नाझी जर्मनीचे उदाहरण घेतात. ते सोपे असते, कारण तेथे खोटे बोलणारा आपला शत्रू असतो. त्याचे खोटे पकडताना आपले काहीच पणाला लागत नाही. जॉन्सनवरील माहितीपट मात्र आपल्या बाजूचा आहे. तो पाहताना आपल्या मुठी आपोआप आवळल्या जातात, डोळे भरून येतात. म्हणूनच आम्ही तो निवडला.

आधी शब्दाविषयी थोडे. इंग्रजीत 'प्रोपगंडा' हा आज निंदाव्यंजक शब्द आहे. त्याचा उगम मात्र धर्मप्रसारात आहे. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रसारासाठी जे धर्ममंडळ स्थापन केले, त्याच्या लॅटिन नावातून तो आला. मराठीत 'प्रचार' या शब्दाला असा डाग नाही. आपण 'धम्मप्रचार' अभिमानाने म्हणतो. वाईट प्रचाराला 'अप' हा उपसर्ग लावून वेगळे करतो. पण तो उपसर्ग लावायचा केव्हा? आपल्याला पटतो तो प्रचार आणि पटत नाही तो अपप्रचार, असा निकष लावला तर अभ्यास संपलाच. आपल्याकडे याहून चांगला निकष रोजच्या वंदनेत आहे. धम्माच्या गुणांमध्ये 'एहिपस्सिको' हा एक गुण आपण सकाळ-संध्याकाळ उच्चारतो : ये आणि स्वतः पाहा, असे म्हणणारा धम्म. मन वळवणे हा काही दोष नव्हे. भगवान बुद्धांनी पंचेचाळीस वर्षे तेच केले. ऐकणाऱ्याला तपासणीची वाट मोकळी ठेवली आहे की ती बुजवली आहे, हा प्रश्न आहे. या कसोटीवर आपण आधी जॉन्सनच्या विरोधकांना घासून पाहू आणि नंतर माहितीपटालाही.

२६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे जॉन्सनने टॉमी बर्न्सचा पराभव केला. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि त्याबरोबर चित्रीकरणही थांबवायला लावले. गोरा जगज्जेता कोसळतो आहे, हे दृश्य फितीवर उमटू नये, एवढीच काळजी. जॉन्सनविषयीच्या प्रचाराची ही पहिली पायरी. तीत खोटे काहीच सांगितलेले नाही, फक्त कॅमेरा बंद केला आहे. सुप्रसिद्ध कादंबरीकार जॅक लंडन त्या वेळी 'न्यूयॉर्क हेरल्ड'साठी वार्तांकन करीत होते. १९०५ मध्ये अपराजित म्हणून निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजने शेतावरून परत यावे आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचे हसू पुसून टाकावे, असे आवाहन त्यांनी केले. जॉन्सनचे ते सोन्याच्या दातांचे हसू तेव्हापासून एक राष्ट्रीय प्रश्न बनले. व्यंगचित्रकारांनी त्याला माणूस म्हणून क्वचितच रेखाटले. प्रतिस्पर्ध्याला दमवून, त्याचे ठोसे हुकवून जिंकण्याची जॉन्सनची पद्धत होती. त्याच धाटणीने लढणाऱ्या गोऱ्या जिम कॉर्बेटला वृत्तपत्रांनी अतिशय चतुर म्हटले होते. जॉन्सनच्या बाबतीत तीच चतुराई आळस आणि भित्रेपणा ठरली. कृती एकच, विशेषण वेगळे. आमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही.

४ जुलै १९१० रोजी नेवाडा राज्यातील रीनो येथे जेफ्रीज अखेर रिंगणात उतरला. लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरली होती. पंधराव्या फेरीत ती संपली. जॉन्सन जिंकला. या लढतीआधी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने लिहिले होते की कृष्णवर्णीय जिंकला तर त्याचे हजारो अज्ञानी भाईबंद या विजयाचा भलताच अर्थ लावतील आणि शारीरिक बरोबरीहून अधिक काही मागू लागतील. लढतीनंतर लगेच 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने कृष्णवर्णीयांना उद्देशून लिहिले की छाती फुगवू नका, तुम्ही कालच्याहून एका तसूनेही मोठे झालेला नाही. दोन वेगळी वृत्तपत्रे, पण शेजारी ठेवून वाचली म्हणजे युक्ती ध्यानात येते. लढतीपूर्वी ती वंशाच्या श्रेष्ठत्वाचा निवाडा होती; निकाल लागताच ती दोन माणसांची मारामारी झाली. जेफ्रीज जिंकला असता तर हा निवाडा मागे घेतला गेला असता का, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होती.

रीनोच्या लढतीची फीत हा या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे, असे आमचे मत आहे. वृत्तपत्र काहीही लिहू शकते. फितीवर मात्र जेफ्रीज जमिनीवर पडलेला दिसतो. म्हणून फीत नको होती. शहरामागून शहरांनी आणि राज्यांनी तिच्या प्रदर्शनावर बंदी घातली. कारण सांगितले गेले ते नीतिमत्तेचे आणि शांततेचे : अशी हिंसक दृश्ये पाहून मुले बिघडतील, दंगली होतील. वास्तविक मुष्टियुद्धाच्या फिती अमेरिकेत १८९७ पासून दाखवल्या जात होत्या. त्यांना विरोध तेव्हाही होता. परंतु एका राज्यातून दुसऱ्या राज्यात अशा फिती नेण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकी संसदेने केला तो जुलै १९१२ मध्ये, जॉन्सन जगज्जेता असताना. तो १९४० पर्यंत टिकला. अहिंसेला मानणाऱ्या आम्हां लोकांनी येथे जरा थांबले पाहिजे, कारण बंदीसाठी वापरलेली भाषा आमच्या भाषेसारखीच आहे. शब्द सुंदर असले म्हणून हेतू सुंदर असतोच असे नाही. शब्द केव्हा आठवले, कोणासाठी आठवले, हे पाहावे लागते.

जॉन्सनला रिंगणात हरवता येईना, तेव्हा कायदा पुढे आला. स्त्रियांच्या अनैतिक व्यापाराला आळा घालण्यासाठी १९१० मध्ये 'मॅन कायदा' झाला होता. जॉन्सनचे गोऱ्या स्त्रियांशी संबंध होते, त्याने गोऱ्या स्त्रियांशी विवाहही केले, आणि तो हे लपवीत नव्हता. १९१२ मध्ये ल्युसिल कॅमेरन हिच्या संदर्भात त्याला अटक झाली. तिने त्याच्याविरुद्ध साक्ष देण्याचे नाकारले आणि त्याच वर्षी त्याच्याशी लग्न केले. मग बेल श्रायबर या पूर्वीच्या मैत्रिणीला शोधून तिच्या १९१० मधील पिट्सबर्ग-शिकागो प्रवासावर खटला उभा केला गेला. मे १९१३ मध्ये केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. जूनअखेर तो कॅनडामार्गे युरोपला निसटला. जेमतेम महिनाभरात, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. पण बाबासाहेबांनी जी अमेरिका पाहिली ती ही होती, एवढे विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहावे.

आता एका छायाचित्राकडे वळू. ५ एप्रिल १९१५ रोजी क्यूबातील हवाना येथे जेस विलर्डने सव्विसाव्या फेरीत जॉन्सनला पाडले आणि जगज्जेतेपद गोऱ्यांकडे परत गेले. त्या क्षणाचे एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. जॉन्सन पाठीवर पडला आहे, पंच अंक मोजतो आहे, आणि जॉन्सनचा हात असा वर आला आहे की जणू तो डोळ्यांवरचे ऊन अडवतो आहे. पुढे जॉन्सनने स्वतःच सांगितले की आपण ही लढत मुद्दाम हरलो. छायाचित्र त्याचा पुरावा झाले : बेशुद्ध माणूस उन्हापासून डोळे कसा झाकील? बहुतेक अभ्यासक आज हा पराभव खरा मानतात. सदतीस वर्षांचा योद्धा सव्वीस फेऱ्यांच्या उन्हात थकला होता. मग एका छायाचित्रावर इतकी वर्षे विश्वास का बसला? उत्तर मोठे गमतीचे आहे. या लढतीचीही फीत होती. परंतु जॉन्सनचा विजय लपवण्यासाठी केलेल्या १९१२ च्या कायद्यानेच जॉन्सनचा पराभवही अमेरिकेत येऊ दिला नाही. फीत आयात करू द्यावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेटाळले गेले. १९१६ मध्ये काही धंदेवाईक मंडळींनी कॅनडाच्या सीमेवर यंत्रे मांडून, पलीकडे मूळ फीत आणि अलीकडे कोरी फीत ठेवून, केवळ प्रकाश सीमेपार नेण्याची शक्कलही लढवली. तीही चालली नाही. ज्यांनी डोळे झाकण्याचा कायदा केला, त्यांना आपल्याच विजयाचे दर्शन घडले नाही. हलती फीत नसल्यामुळे एक थिजलेला क्षण उरला, आणि त्याच्याभोवती ज्याला जी कथा हवी ती त्याने रचली. गोऱ्यांना त्यात विजय दिसला, कृष्णवर्णीयांपैकी पुष्कळांना त्याग किंवा सौदा दिसला. माहितीपटात आज तीच लढत हलताना दिसते. छायाचित्र खोटे नव्हते. ते अपुरे होते.

येथवर माहितीपटाने आपल्याला मोलाचे शिकवले. आता त्याच्याकडेच पाहू. बर्न्स यांची एक पद्धत चित्रपटक्षेत्रात त्यांच्याच नावाने ओळखली जाते : स्थिर छायाचित्रावरून कॅमेरा सावकाश सरकतो, गर्दीतून एकाच चेहऱ्यापाशी जाऊन थांबतो. छायाचित्रकाराने ज्या क्षणी बटण दाबले त्या क्षणी त्या चेहऱ्यावर कदाचित फक्त कंटाळा असेल; कॅमेरा त्यावर थांबला, पाठीमागे विन्टन मार्सालिस यांचे जॅझ वाजू लागले, की तो चेहरा वेदनेचा होतो. जॉन्सनचे शब्द सॅम्युएल जॅक्सन या नामवंत अभिनेत्याच्या आवाजात ऐकू येतात. जॉन्सनच्या आत्मकथनांत थापा किती आणि सत्य किती हे ठरवणे अभ्यासकांनाही अवघड गेले आहे. पण त्या आवाजात ऐकताना आपण शंका घेत नाही, कारण आवाज प्रामाणिक वाटतो. शिवाय रीनोची फीत मूक होती. ती पाहताना आज जो आवाज कानी पडतो, तो नंतरच्या माणसांनी जोडलेला असतो.

वर्गात आम्ही एक साधा प्रयोग करतो, तो घरीही करता येईल. रीनोच्या लढतीचा भाग एकदा आवाजासह पाहावा आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. दुसऱ्या वेळी लढत संथ वाटते, बराच वेळ दोघे एकमेकांना धरून उभे असतात, कोण जिंकतो आहे हे चटकन कळत नाही. आपल्याला जे 'दिसले' असे वाटत होते, त्यातील बरेचसे 'ऐकवलेले' होते. १९७० मध्ये विल्यम केटन यांनी जॉन्सनवर असाच जुन्या फितींचा माहितीपट केला होता. त्याचे संगीत माइल्स डेव्हिस यांचे. मुहम्मद अली यांनी सैन्यात जाण्यास नकार दिला, १९६७ मध्ये त्यांचे जगज्जेतेपद हिरावले गेले, तो हा काळ. तेथील संगीतात विजेचा कडकडाट आहे, बर्न्स यांच्याकडे जुन्या जॅझची हळहळ आहे. माणूस तोच, पण एकाला त्याच्यात बंडखोर हवा होता आणि दुसऱ्याला शोकांतिकेचा नायक.

खरा प्रश्न निवडीचा आहे. बर्न्स यांचा जॉन्सन हा एकटा, स्वतंत्र, कोणाचीही पर्वा न करणारा माणूस आहे. हे चित्र खोटे नाही. त्याने आपली पत्नी एटा ड्युरिया हिला मारहाण केली आणि तिने १९१२ मध्ये आत्महत्या केली, हे माहितीपट लपवीत नाही. दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणाचे श्रेय त्यास दिले पाहिजे. तथापि कथेचा प्रवाह असा आहे की एटाचे दुःख हेही जॉन्सनच्या शोकांतिकेतील एक प्रकरण होऊन जाते. ती स्वतः मध्यभागी कधी येत नाही. तसेच सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे हे त्या काळचे थोर कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे. जगज्जेता झाल्यावर जॉन्सनने यांच्यापैकी कोणालाही जेतेपदासाठी लढण्याची संधी दिली नाही. जेफ्रीजने जगज्जेता असताना कृष्णवर्णीयांना जी वागणूक दिली, तीच जॉन्सनने लँगफर्डला दिली. गोऱ्याशी लढण्यात पैसा अधिक होता, धोका कमी होता. ही गोष्ट मध्यभागी ठेवून चित्रपट केला असता तर तो वेगळा झाला असता. एकट्या माणसाची मुक्ती आणि समाजाची मुक्ती यांतील अंतर त्यात दिसले असते.

जॉन्सनच्या स्वतःच्या समाजातही एकमत नव्हते. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी जाहीरपणे त्याचा धिक्कार केला. त्याच्या वागण्याने साऱ्या वंशाची बदनामी होते, असे त्यांना वाटे. 'शिकागो डिफेंडर'सारखे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र त्याच्या पाठीशी उभे राहिले. आपले म्हणणे मांडण्यासाठी आपलेच पत्र हवे, ही निकड आपल्याकडेही १९२० मध्ये 'मूकनायक'ला जन्म देऊन गेली. परंतु आपले पत्र असणे आणि आपल्या माणसाविषयी पूर्ण सत्य लिहिणे, या दोन गोष्टी एकत्र नांदतीलच असे नाही.

बर्न्स यांनी केवळ चित्रपट केला नाही. जॉन्सनला मरणोत्तर माफी मिळावी म्हणून त्यांनी २००४ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन आदींसह सरकारकडे अर्ज केला. चित्रपट त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत घराघरांत दिसला. मग हा माहितीपट की मोहिमेचे साधन? आमच्या मते दोन्ही, आणि त्यात गैर काही नाही, कारण दिग्दर्शकाने आपला हेतू झाकलेला नाही. तो मूळ फिती दाखवतो, विरोधकांची वृत्तपत्रे वाचून दाखवतो, नायकाचे दोष सांगतो. वाट मोकळी आहे. फक्त ती वाट चालण्याचे काम आपल्याला करावे लागते, आणि साडेतीन तासांच्या ओघात आपण ते सहसा करीत नाही.

हे सर्व आम्ही येथे मांडतो त्याला कारण आहे. आपल्या जयंतीच्या मंडपांत, भ्रमणध्वनीवर, मुलांच्या वह्यांच्या मुखपृष्ठांवर बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली अशी वाक्ये फिरतात, जी त्यांच्या ग्रंथांत कोठेही सापडत नाहीत. हेतू उत्तम असतो. पाठीमागे संगीत असते, कॅमेरा चेहऱ्यावर सावकाश थांबतो. त्यातील एक वाक्य खोटे निघाले की विरोधकाला उरलेली दहा खरी वाक्ये नाकारण्याचे निमित्त मिळते. १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्याविषयी बोलताना बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेवर कठोर टीका केली होती. कालामांना उपदेश करताना भगवंतांनी, अमुक आमचे गुरू आहेत म्हणून मानू नका, हे कारणही यादीतून वगळले नव्हते. पाठ्यपुस्तकात कालाम सुत्त सगळेच वाचतात. ते परक्याच्या ग्रंथाला लावणे सोपे असते. आपल्या आवडत्या चित्रफितीला लावताना हात अडखळतो.

पाठाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना आम्ही एक छायाचित्र देतो आणि त्यावर लिहायला सांगतो. २००९ मध्ये अमेरिकी संसदेने जॉन्सनला माफी द्यावी असा ठराव केला. पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या कारकिर्दीत ती मिळाली नाही. २४ मे २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ती दिली. जॉन्सनची कथा आपल्याला अभिनेते सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी सांगितली, असे ट्रम्प यांनी म्हटले होते. १९७६ च्या 'रॉकी' या चित्रपटामुळे स्टॅलोन जगप्रसिद्ध झाले. त्यात एक अपरिचित गोरा मुष्टियोद्धा कृष्णवर्णीय जगज्जेत्याला आव्हान देतो. माफीपत्रावर सही होताना स्टॅलोन राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात उभे होते, आणि त्या वेळचे कृष्णवर्णीय जगज्जेते डिऑन्टे वाइल्डरही. विद्यार्थ्यांनी लिहायचे ते एवढेच : या चौकटीत कोण आहे, कोणी उभे केले, कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबला आहे, आणि चौकटीबाहेर कोण राहिले.